मास्तरांचा कोपरा

शुक्रवार, ७ मार्च.
सकाळी ५.५० ला जाग. पडदे धुतले, दोनपर्यंत वाळले. चष्म्याच्या डाव्या दांडीचा स्क्रू हरवला, तात्पुरता दोरा बांधला आहे. भाऊ रेकॉर्डिंगहून सव्वाचारला परत, म्हणजे ठरल्या वेळेच्या पावणेतीन तास आधी. डबा न उघडता आणला. विचारले तर म्हणाला, "भूक नव्हती." लगेच आत जाऊन झोपला. भाऊ दिवसा झोपत नाही. शेवटचा झोपला तो कांजिण्या आल्या तेव्हा.

ज्या भावाची ही नोंद, त्यांना अख्खी गल्ली मास्तर म्हणते. शाळेतले मास्तर नव्हेत, शिवणकामातले. वय बावन्न, उंची बेताची, गळ्यात टेप, खिशात खडूचा तुकडा. बोलताना तोंडात टाचण्या असत, त्यामुळे त्यांचं निम्मं बोलणं समोरच्याने आपलं आपणच पुरं करून घ्यायचं. खाली दुकान, वर घर. घरात ते आणि त्यांच्याहून एकोणीस वर्षांनी मोठी बहीण, ताई. नवरा गेल्यावर ती दोन ट्रंका आणि पोतंभर डायऱ्या घेऊन इथे आली, त्याला अकरा वर्षं झाली. वरची नोंद तिचीच. मास्तरांचं लग्न राहूनच गेलं. कुणी कारण विचारलं तर म्हणत, "मंगळवार-शनिवार मला मोकळा नसतो ना."

हे अगदीच खोटं नव्हतं. गेली सव्वीस वर्षं दर मंगळवारी आणि शनिवारी संध्याकाळी सात ते नऊ दुकानाच्या मागच्या खोलीत बँड वाजत असे. बँडचं नाव 'उसवण'. नाव मास्तरांनीच सुचवलं होतं, कारण त्या दिवशी दुकानात आलेल्या अकरा कामांपैकी नऊ उसवणीची होती.

बँड सुरू झाला तो एका पँटपायी. फरशा विकणारा एक तरुण पँट घट्ट करून घ्यायला आला होता. तो गिटार वाजवायचा आणि प्रत्येक वाक्य 'तांत्रिकदृष्ट्या' या शब्दाने सुरू करायचा, म्हणून पुढे त्याचं नाव प्राध्यापक पडलं. मास्तर पायाच्या मशीनवर टीप मारत होते आणि मोकळ्या हातातल्या कात्रीने टेबलावर ठेका धरत होते. प्राध्यापक पँट विसरला. म्हणाला, "तांत्रिकदृष्ट्या तुम्ही ड्रमर आहात."

"मी शिंपी आहे," मास्तर म्हणाले.

"ते असा हो. पण ड्रमर पण आहात."

आठवड्याभरात त्याने कुठून तरी जुना ड्रमसेट आणून मागच्या खोलीत टाकला. बेस वाजवायला एक लिफ्टचा मेकॅनिक आला, लिफ्टवाला. तो दिवसभरात जेमतेम दहा वाक्यं बोले आणि त्यातली सहा 'बघू' अशी असत. गायला आणि गाणी लिहायला आली ती जनावरांची डॉक्टर, तिला सगळे डॉक्टरीणबाई म्हणत. तिचा फोन गाण्याच्या मधोमध वाजे आणि ती माइकसमोरच सांगे, "शेपटी वर धरतेय का ती? मग आणा लगेच." पुढची ओळ लगेच गायला लागे.

गाणी झाली, कार्यक्रम झाले, लोक यायला लागले. अल्बम मात्र होईना. पहिल्यांदा चार गाणी ध्वनिमुद्रित झाली, ती प्राध्यापकाला पसंत पडेनात. दुसऱ्यांदा सगळं ठरलं आणि त्याच्याच घरी जुळं झालं. मग लिफ्टवाल्याची तीन वर्षं बदली. मग डॉक्टरीणबाईंना वाटू लागलं की गाणी अजून कच्च्या शिलाईवरच आहेत. लोक आधी विचारायचे, "कॅसेट कधी?" मग विचारू लागले, "सीडी कधी?" मग "लिंक पाठवा." शेवटी विचारेनासे झाले. नंतर आलेले तीन बँड अल्बम काढून, आपसात भांडून, फुटून, समेट करून पुन्हा फुटले. 'उसवण' काही उसवली नाही, पण शिवूनही झाली नाही.

गेल्या वर्षी डॉक्टरीणबाईंनी पन्नाशी गाठली आणि टेबलावर हात आपटला. "आता नाही काढला तर तो आपल्या शोकसभेत वाजवावा लागेल. आणि तिथे वाजवायलाही आपणच नसू."

"बघू," लिफ्टवाला म्हणाला.

"बघू नाही. मार्चमध्ये."

म्हणून मार्चमध्ये ते अंड्यांच्या एका जुन्या गोदामात गेले. तिथे एका तरुण रेकॉर्डिस्टने स्टुडिओ थाटला होता. पोरगा हुशार, बोलायला नम्र, वय सव्वीस, म्हणजे बँडच्याच वयाचा. त्याने मास्तरांच्या कानाला हेडफोन लावले. आत टक, टक, टक, टक असा आवाज सुरू झाला, न थकणारा, न चुकणारा.

"याच्याबरोबर वाजवायचं, काका. बाकीचे नंतर एकेक करून त्यावर वाजवतील."

पहिले पाच दिवस मास्तर टकटकीच्या मागे धावले. कधी ती पुढे, कधी ते मागे. सहाव्या दिवशी म्हणजे त्या शुक्रवारी डॉक्टरीणबाई आल्या नव्हत्या, एका कुत्र्याने मोजा गिळला होता. रेकॉर्डिस्टने तिघांना संगणकाच्या पडद्यासमोर बसवलं. पडद्यावर उभ्या रेघा होत्या आणि मास्तरांचे ठोके काळे काळे ठिपके होऊन त्यांच्या आसपास विखुरले होते.

"हे बघा काका. इथे तुम्ही मागे पडता. इथेही. आणि इथे. प्रत्येक गाण्यात, कोरस यायच्या बरोब्बर आधी. बाकी सगळीकडे ठीक, इथेच लय बसकण मारते."

मास्तर ठिपक्यांकडे बघत राहिले. सव्वीस वर्षांत आपण कसं वाजवतो हे त्यांनी कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं.

"एक करता येईल," रेकॉर्डिस्ट हळूच म्हणाला. "ड्रम मी मशीनवर लावून घेतो. आवाज तुमचेच वापरतो, फक्त जागेवर ठेवतो. कुणाला कळणार नाही."

मास्तरांनी प्राध्यापकाकडे पाहिलं. प्राध्यापक म्हणाला, "तांत्रिकदृष्ट्या तो म्हणतोय ते..." आणि पुढचं गिळलं. लिफ्टवाला बेसची तार पुसत बसला, जशी काही ती आजच मळली होती. तो 'बघू'सुद्धा म्हणाला नाही.

"करा तुम्हाला योग्य वाटेल ते," मास्तर म्हणाले. "मला एका गिऱ्हाइकाचा कोट द्यायचाय." कोट काही द्यायचा नव्हता.

संध्याकाळी मास्तर उठल्यावर ताईने त्यांच्यासमोर ताट ठेवलं आणि स्वतःही समोर बसली, म्हणजे पळायला वाट उरली नाही.

"अल्बम निघतोय," मास्तर म्हणाले. "पण माझ्याशिवाय. माझ्या जागी मशीन."

"शिवणाचं?"

"नाही गं. वाजवायचं."

ताईला गाण्यातलं फारसं कळत नसे, आणि ती ते लपवतही नसे. खालचा आवाज फार झाला की ती जिन्यातून फक्त वेळ सांगे, "नऊ वाजून चार मिनिटं." पण आत्ता तिने आधी ताटात आमटी वाढली. मग म्हणाली, "तुझं नाव घालतील ना?"

"घालतील. तेच तर. वाजवणार मशीन आणि नाव माझं. सव्वीस वर्षांनी एकदाचा अल्बम निघायचा आणि त्यात मी नुसता छापलेला."

"मग सांग की तसं त्यांना."

"काय सांगू? चूक माझीच आहे. पडद्यावर दिसते."

"पडद्यावर तर माझं हृदयही उलटं दिसलं होतं," ताई म्हणाली. "फिल्म उलटी लावली होती मेल्याने. भात घे."

मास्तरांनी ठरवलं की चूक सुधारायची. ते गोदामातून निघताना रेकॉर्डिस्टने विचार करायला आठ दिवसांची मुदत दिली होती. तोवर डॉक्टरीणबाईंचं गाणं तो मशीनच्या ड्रमवर घेऊन बघणार होता, नुसतं अंदाजासाठी. मास्तरांनी फोनमध्ये टकटक भरून घेतली आणि शिवणाच्या मशीनवर फोन ठेवून दिवसभर त्या तालावर शिवू लागले. पाय टकटकीबरोबर, टकटक पायाबरोबर. सरळ टिपा इतक्या सुरेख पडल्या की त्यांना वाटलं, जमलं.

मग कॉलर आली. एका हॉटेलच्या वाढप्यांचे बारा शर्ट होते. पहिल्या कॉलरचं टोक गोल झालं. मास्तरांनी उसवलं, पुन्हा शिवलं, पुन्हा गोल. तिसऱ्या खेपेला टीप टोकावरून तशीच पुढे गेली आणि कॉलर खांद्याला शिवली गेली. बेचाळीस वर्षं मशीनवर बसणाऱ्या माणसाने कॉलर खांद्याला शिवावी, म्हणजे आचाऱ्याने पाणी करपवण्यातलीच गत.

त्यांनी टकटक बंद केली आणि दुसरी कॉलर नेहमीसारखी घेतली. सरळ टीप, टोक आलं, सुई कापडात रुतलेली ठेवून पाय थांबला, कापड दाबणारी पट्टी उचलली, कापड वळलं, पट्टी खाली, पाय पुन्हा सुरू. टोक असं निघालं की बोटाला टोचावं.

मास्तर सुईकडे बघत बसले. वडिलांनी पहिल्या दिवशी शिकवलेलं वाक्य होतं ते: सुई आत, पाय थांबव, कापड वळव. कोपऱ्यावर घाई करील त्याची टीप भलतीकडे जाईल. ड्रमवर बसल्यावरही त्यांचा पाय तोच होता. गाणं वळायला आलं की तो आपोआप थांबत होता, पापणी लवावी इतकाच. म्हणजे चूक कुठून आली ते कळलं. पण त्याने त्यांना बरं वाटलं नाही, उलट जास्तच वाईट वाटलं. हाताची चूक एक वेळ सुटते. ही बापाकडून आलेली, पायात मुरलेली. ही आठ दिवसांत कशी जाणार?

त्यांनी फोन उचलला आणि रेकॉर्डिस्टला निरोप पाठवला: 'मशीन लावून टाका.' मग उरलेल्या कॉलरी शिवायला घेतल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानाचं दार धाडकन उघडलं. डॉक्टरीणबाई आत आल्या, अंगात दवाखान्याचा डगला, डगल्यावर मांजराचे केस, डोळ्यांत खून.

"मास्तर! माझी जागा कुणी खाल्ली?"

तोंडात टाचण्या असल्याने मास्तर नुसतं "म्म?" म्हणाले.

"थुंक त्या टाचण्या आधी. आत्ता स्टुडिओतून येतेय. दोन तास झगडले मी त्या गाण्याशी. पहिलं कडवं छान. कोरस आला की माझा दम संपतो. शब्द एकावर एक पडतात. तो पोरगा म्हणतो, 'मॅडम, आता सगळं अगदी बरोबर बसलंय.' मी म्हटलं, बसलंय रे, पण मला उभं राहायला जागा नाही ठेवलीस!"

मास्तरांनी टाचण्या उशीत खोचल्या. "चार सिगारेटी कमी कर."

"सोडून नऊ वर्षं झाली, विषय बदलू नकोस. हीच गाणी मी मंगळवारी तुझ्याबरोबर तापात गायलेय. तेव्हा दम कसा पुरतो? तू काय करतोस तिथे?"

"कुठे?"

"कोरसच्या आधी!"

"चूक करतो," मास्तर म्हणाले. "पडद्यावर दिसते."

"कसली चूक? दाखव."

दाखवायला ड्रम नव्हते, ते अंड्यांच्या गोदामात होते. मास्तरांनी चिंधी घेतली, मशीनवर घातली आणि टीप मारली. टोकाशी पाय थांबला. "हे," ते म्हणाले. "सुई आत, पाय थांबव, कापड वळव. कोपरा आहे हा. माझा पाय गाण्यातही कोपरा घेतो. पहिल्यापासून घेत असणार. मला माहीत नव्हतं, काल वाढप्यांच्या कॉलरी शिवताना कळलं."

"पुन्हा कर."

त्यांनी पुन्हा केलं. पाय थांबला तसा डॉक्टरीणबाईंनी आवाज करून श्वास आत घेतला. पाय सुरू झाला आणि त्यांनी गिऱ्हाइकांच्या लटकलेल्या कोटांसमोर उभं राहून कोरस मोकळ्या गळ्याने गायला. एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. पूर्ण गायल्यावर त्या स्टुलावर बसल्या आणि हसायला लागल्या.

"अरे गाढवा! सव्वीस वर्षं मी तुझ्या कोपऱ्यावर श्वास घेतेय. सगळी गाणी तिथे जागा धरून लिहिलीयत मी. मला वाटायचं माझीच फुप्फुसं चांगली आहेत!"

जिन्यातून ताईचा आवाज आला, "तीन वाजून दहा मिनिटं. आणि गाढव कुणाला म्हणतेस गं?"

"तुमच्या भावाला, ताई."

"मग हरकत नाही."

मास्तर मात्र हसले नाहीत. "म्हणजे ती चूक नव्हे?"

"चूक असेल. पण आपल्या चौघांची आहे. तुझ्या एकट्याची म्हणून कशी काढू देईन?"

त्याच संध्याकाळी त्या मास्तरांना ओढत गोदामात घेऊन गेल्या. उरलेल्या दोघांनाही बोलावलं होतं. रेकॉर्डिस्टला त्यांनी सरळ सांगितलं, टकटक बंद, एकेकट्याने वाजवणं बंद. चौघं एका खोलीत समोरासमोर बसणार, मंगळवारसारखे.

"पण मॅडम, मग मला काहीच दुरुस्त करता येणार नाही," तो म्हणाला. "एकाचं चुकलं की सगळ्यांना पहिल्यापासून."

"आम्हाला पहिल्यापासून करायची सवय आहे. सव्वीस वर्षं तेच करतोय."

"आणि काकांची लय?"

मास्तर काही म्हणणार तोच लिफ्टवाला बोलला. त्याच्या मानाने ते भाषणच होतं. "लिफ्ट मजल्यावर येताना हळू होते," तो म्हणाला. "नाही झाली तर माणसं पडतात."

प्राध्यापकाने घसा खाकरला. "मास्तर, त्या दिवशी तांत्रिकदृष्ट्या मी गाढव होतो."

"आज गाढवपणाची सगळ्यांनाच वाटणी चाललीय," मास्तर म्हणाले आणि ड्रमवर जाऊन बसले.

पहिल्या गाण्याच्या पहिल्या खेपेला काहीच जमेना. आता पायाला आपण काय करतो ते माहीत झालं होतं आणि माहीत असलेली गोष्ट सहज होत नाही. कोपरा इतका लांबला की प्राध्यापक पुढे निघून गेला आणि परत आला. दुसऱ्या खेपेला कोपरा आलाच नाही. तिसऱ्या खेपेच्या आधी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "माझ्याकडे बघू नकोस. त्या वाढप्यांच्या कॉलरी आठव." मास्तरांनी डोळे मिटले. पाचव्या खेपेला गाणं मिळालं. एकूण अकरा गाण्यांना चार रविवार लागले. आठव्या गाण्यात लिफ्टवाल्याची खुर्ची कुरकुरली, पण ती खेप इतकी चांगली झाली होती की कुरकूर तशीच ठेवली.

तिसऱ्या रविवारी रेकॉर्डिस्ट काचेपलीकडून म्हणाला, "काका, या गाण्यात दुसरा कोपरा थोडा मोठा घ्याल का?"

मास्तरांना वाटलं, चेष्टा करतोय. मग त्यांनी त्याच्या पडद्यावर पाहिलं. प्रत्येक गाण्यावर त्याने खुणा करून ठेवल्या होत्या आणि खुणांपुढे लिहिलं होतं: को. १, को. २, को. ३.

"मोठा म्हणजे किती?"

"शर्टाच्या कॉलरीऐवजी कोटाची."

"घेतो," मास्तर म्हणाले.

सप्टेंबरमध्ये अल्बमच्या सीड्यांचे खोके आले. ते फोडण्याचा मान ताईला दिला, कारण खोक्यांना चालेल अशी कात्री तिच्याचकडे होती. दुकानातली कात्री कागदाला लावलेली मास्तरांना चालत नसे. मुखपृष्ठावर निळ्या कापडावरची पांढरी टीप, मागे गाणी, त्याखाली नावं. डॉक्टरीणबाईंनी मजकूर फोनवरूनच छापखान्याला सांगितला होता, एका गायीच्या पोटात हात असताना. तिथे छापलं होतं: 'ड्रम आणि कोपर: मास्तर.'

"कोपर?" मास्तर म्हणाले.

"कोपरे सांगितलं होतं मी!" डॉक्टरीणबाई किंचाळल्या. "मात्रा खाल्ली मेल्यांनी!"

"आता लोकांना वाटेल, हा कोपराने वाजवतो," प्राध्यापक म्हणाला. तसं झालंही. प्रकाशनाच्या कार्यक्रमाला शनिवारी साठ खुर्च्या मांडल्या होत्या, माणसं एकाहत्तर आली, आणि त्यातल्या निदान दहा जणांनी पुढे येऊन मास्तरांचं कोपर निरखून पाहिलं. एका बाईंनी तर विचारलं, "दुखत नाही का हो?"

"सवय झालीय," मास्तर म्हणाले.

पण त्याआधी, त्याच दिवशी सकाळी, त्यांनी दुकानाचं दार आतून लावून घेतलं होतं. ताईच्या जुन्या प्लेअरमध्ये तबकडी घातली आणि मशीनसमोरच्या स्टुलावर बसले. हात मांडीवर, पाय जमिनीवर सपाट, मुद्दाम. पहिलं गाणं सुरू झालं. गिटार आली, बेस आला, आपणच वाजवलेले ठोके परक्या माणसाचे असावेत तसे येऊ लागले. कडवं संपत आलं. मास्तरांनी श्वास रोखला. शेवटच्या घडीला त्या पोराने हळूच सरळ करून टाकलं असेल तर? इथे कुणाला कळणार होतं?

गाणं वळायला आलं आणि थांबलं, पापणी लवावी इतकं. त्या थांबण्यात डॉक्टरीणबाईंनी घेतलेला श्वास स्वच्छ ऐकू आला. मग कोरस.

दारावर थाप पडली. बाहेरून कुणी तरी विचारत होतं, "मास्तर, चेन बदलून मिळेल का? घाईत आहे जरा."

"दहा गाणी थांबा," मास्तर आतून ओरडले.

शनिवार, २० सप्टेंबर.
५.४० ला जाग. भावाने सकाळी दुकान पावणेबाराला उघडले, गिऱ्हाईक दोनदा परत गेले. संध्याकाळी सभागृहात ६.३० ते ८.१०, सगळी गाणी झाली, भाऊ पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवत होता. परत येताना चौघेही एकदम बोलत होते, कोणाचेच कळले नाही. भाऊ दोनदा वाढून घेऊन जेवला. स्वयंपाकघरातला नळ गळतो आहे, सोमवारी वायसर आणणे.